जमीन सुटली

मी संशयी आहे, हे मला कोणी नव्यानं सांगायला नको. दूधवाला माप धरताना दुसरीकडं बघायला लागला की मला वाटतं, यानं पाणी घातलंय. सुनेनं फोनवर आवाज बारीक केला की मला वाटतं, माझंच चाललंय. आणि लय वेळा ते खरं निघतं, म्हणून सवय मोडत नाही. नातू म्हणतो, "आजी, तू पोलिसात जायला पाहिजे होतं." त्या लेकराला काय माहीत. मी ज्या घरात वाढले तिथं संशय घ्यायला कोणी शिकवावं लागत नव्हतं. कणगीच्या तोंडाला शेणमातीचं लिंपण झालं की ते ओलं असतानाच आबा, म्हणजे माझे वडील, त्यावर आपला पंजा उमटवायचे. ज्वारी काढायच्या दिवशी आधी त्या पंजावर हात ठेवून बघायचे, बोटं बसतात का. घरात चोर असणार कोण, तर माय, मी, मामा आणि सटवा नावाचा गडी. एवढ्या चौघांसाठी हा बंदोबस्त.

आमचं गाव सेलू आणि देवगाव फाट्याच्या मधात. वारा तिकडून असला की सेलूच्या कापसाच्या जिनचा भोंगा ऐकू यायचा, आणि त्यावर माय चुलीवर आधण चढवायची. तिच्या हातची अंबाडीची भाजी मी आजवर दुसरीकडं खाल्ली नाही. कण्या घालून घोटलेली, वर कर्डईच्या तेलात लालभडक लसूण, बाजूला जवसाची चटणी आणि भाकरीचा पापुद्रा फुगून वाफ निघत असलेला. आबा त्या ताटाचाही वास घ्यायचे. "काय घातलं हाय ह्यात?" "अंबाडी," माय म्हणायची, "अन् काय घालू?" मग आबा पहिला घास घ्यायचे. माय याचा राग करत नव्हती, किंवा करत असेल तर तो कुठं ठेवत होती ते मला कधी दिसलं नाही. आबांचं हे वेड एका शेतापायी वाढलं होतं. देवगाव फाट्याजवळ काळ्याभोर मातीचं एक शेत होतं, आणि त्यावरून आबा आणि त्यांचे चुलतभाऊ दत्तूकाका परभणीच्या अदालतीत भांडत होते. दोन्ही भाऊ एका पणजोबाचे, दोघांची नाकं सारखी, आणि एकमेकाच्या सावलीला उभे राहत नव्हते. घरात नुसतं "जमीन" म्हटलं की तेच शेत समजायचं. जमिनीची तारीख, जमिनीचा वकील, जमिनीचं काय झालं. दुसऱ्या शेतांना नावं होती, चिंचेचं, बाभळीचं, खालचं. याला नाव लागत नव्हतं.

मामा आमच्या घरी कसा आला ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मायचं माहेर पेडगावचं. तिचे आईबाप एकाच साथीत गेले, तेव्हा तिचा धाकटा भाऊ व्यंकट, म्हणजे मामा, रांगत होता आणि मायचं लग्न ठरलेलं होतं. माय सासरी आली ती त्याला कडेवर घेऊन. बायका हसल्या, नवरीनं आंदणात पोरगं आणलं म्हणाल्या. मायनं त्याला माझ्याआधी वाढवलं, त्यामुळं मी झाले तेव्हा तिला सगळं येत होतं, असं ती सांगायची. मामा उंच, हडकुळा, कानावर नेहमी एक विडी. शेतीत त्याचा जीव नव्हता. सेलूला एका जिनवाल्या शेटजीच्या मोटारीवर तो आधी पुसायला राहिला आणि मग चालवायला शिकला. आबांनी हैदराबादच्या एका नवाबाची जुनी मोटार घेतली, ती मामाला येतं म्हणूनच घेतली. आसपासच्या गावांत तेवढी एकच. हँडल मारून ती चालू करावी लागे, आणि मामा हँडल मारायच्या आधी तिच्या नाकाडावर थाप मारून काहीतरी पुटपुटायचा. मी एकदा विचारलं, काय म्हणतोस? तर म्हणाला, "गये, तिला शिव्या देतो. बाईमाणसासमोर सांगता येत न्हाईत."

ते वर्ष निजामाच्या राज्यातलं शेवटचं ठरलं, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होतं? तेव्हा फक्त भीती होती. रझाकार अमक्या गावात आले, तमक्या गावातली माणसं सरहद्दीपलीकडं पळाली, असं रोज काहीतरी कानावर यायचं. दिवेलागणीनंतर माळवदावर कोणी कंदील घेऊन चढलं तरी खालून विचारायचे, कोणाला दाखवतोस? बाजारात दोन माणसं बोलत असली आणि तिसरा आला तर दोघंही पावसाचं बोलायला लागायची. अशा दिवसात आमच्या मोटारीचे दिवे बिघडले.

आबा रोज उन्हं उतरताना मोटारीनं फाट्याच्या शेताकडं जायचे, आणि कोर्टात भांडण असलेल्या त्या जमिनीच्या बांधावर नुसते उभे राहून यायचे. परतताना दिवेलागण होई. वाटेत एक ओढा लागायचा, नुसते गोटे टाकलेला, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला दत्तूकाकांचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा आणि राहायची छपरी. मोटार ओढ्यात उतरली, गोट्यांवर हिंदकळली, की दोन्ही दिवे हळूहळू मंद व्हायचे. एकदम जात नसत. वात खाली केल्यासारखे लाल पडत जायचे. ओढा चढून मोटारीनं जोर धरला की पुन्हा लख्ख. आणि रोज बरोबर त्याच वेळी दत्तूकाका आखाड्याच्या दारात हातात कंदील घेऊन उभे. आता मला कळतं, की मोटारीचा आवाज आला म्हणून तो माणूस बाहेर येत होता. भांडण असलं तरी मोटार कोणाला बघू वाटत नाही? पण आबांना ते तसं दिसलं नाही. इकडून दिवा खाली होतो आणि तिकडून कंदील वर होतो, एवढंच त्यांना दिसलं.

पहिल्यांदा ते काही बोलले नाहीत. संशयी माणूस आधी बोलत नाही, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगते. त्यांनी मामाला मोटार सेलूच्या उस्तादकडं न्यायला सांगितली. हा उस्ताद जिनचं इंजिन सांभाळायचा आणि मोटारीही दुरुस्त करायचा. इंजिनाच्या धडधडीनं कानानं कमी झालेला, म्हणून शेजारच्याशीही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलायचा. बढाई तर विचारू नका. मोटार न बघताच म्हणाला, बत्तीचे गोळे खराब आहेत. गोळे बदलले. दिवे तसेच. मग म्हणाला, बॅटरीचं पाणी सुकलंय. पाणी भरलं. तरी तसेच. मग म्हणाला, डायनामोचा पट्टा ढिला आहे, आत कोळशाचे तुकडे झिजलेत. ते बदलले, पट्टा ताणला, आणि मिशीवरून हात फिरवून म्हणाला, आता सूर्य लावलाय. त्या संध्याकाळी ओढ्यात उतरलो आणि सूर्य मावळला.

मी "उतरलो" म्हणते, कारण तेव्हापासून मीही मोटारीत असायचे. आबांनी मला एकटीला बोलावून सांगितलं, "गया, माघं बसायचं अन् मामाच्या हातावर नजर ठिवायची. बत्तीच्या खटक्याला हात लावतो का, तेवढं बघायचं. बोलायचं न्हाई." मी तेव्हा साडी नेसायला लागले होते आणि मोठ्या माणसांच्या कामात मला घेतलं याचं मला कोण अप्रूप. मी मागच्या सीटवर पुढं झुकून बसायची आणि मामाचे हात बघायची. दोन्ही हात चक्रावर. ओढा यायचा, दिवे लाल पडायचे, हात जागचे हलायचे नाहीत. उलट त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ व्हायच्या. घरी आल्यावर मी आबांना म्हटलं, हात हलत नाहीत. आबा म्हणाले, "मग पायानं करत असंल." आता हसू येतं, पण तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पाय बघायला खाली वाकले होते. मामाला आरशात दिसलं. म्हणाला, "काय पडलं गये?" मी म्हटलं, "बांगडी."

आणि मग फाट्यावरच्या चौकीवाल्यानं मोटार अडवली. त्यालाही ते दिवे लांबून दिसले होते. खिडकीतून आत डोकावून तो मामाला म्हणाला, "बत्ती नीचे-ऊपर करके किसकू इशारा करते तुम?" मामा म्हणाला, "मशीन खराब है, साब." चौकीवाल्यानं त्याचं नाव, बापाचं नाव, गाव विचारलं आणि म्हणाला, पुन्हा दिसलं तर मोटारही ठेवून घेऊ आणि तुलाही. मला वाटलं होतं, आता तरी आबांना मामाची कीव येईल. पण रात्रीच्या जेवणाला ते मायला म्हणाले, "बघ, सरकारला बी तेच दिसायलंय. मला एकट्याला न्हाई." मायनं भाकरी उलटली. मला आठवतं, त्या आठवड्यात ती मामाच्या ताटात तूप जरा जास्तच वाढत होती. मामानं एकदा हात आडवा धरला, तरी वाढलं.

त्या दिवसात जमिनीच्या तारखेचं काय झालं ते कळायचं होतं. वकील सेलूला राहायचा, आणि त्याच्या ओसरीसमोरच उस्तादचं दुकान. आबांनी सटव्याला सकाळीच पाठवलं, वकिलाला भेट आणि जाताजाता उस्तादला विचार, दिव्याचं आता काय करायचं. सटवा दुसऱ्या दिवशी उजाडताना परत आला. आबा न्याहारीला बसले होते, कालवणात भाकरी कुस्करून. सटवा उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला. निरोप सांगायचा म्हणजे त्याच्या अंगात वेगळाच माणूस शिरायचा. घसा साफ करून, शब्द तोलून, एखादा चपराशी हुकूम वाचून दाखवतो तसं तो बोलायचा.

"वकीलसाब न्हाईत भेटले, परभणीला गेलेत," तो म्हणाला. "पण उस्तादनं निरोप दिलाय, मालक. म्हणले, जमीन सुटली. म्हणून उजेड पडंना."

आबांचा हात ताटातच राहिला. "काय सुटली?"

"जमीन. अन् म्हणले, व्यंकटरावाला समदं ठावं हाय."

मी आबांचा चेहरा बघत होते. एखाद्याला वाईट बातमी कळली की त्याचं तोंड पडतं, तसं झालं नाही. उलट त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. इतके दिवस जे मनात होतं ते बाहेरून कोणीतरी बोललं, याचं समाधान. जमीन हातची गेली, वकिलाच्या ओसरीवरून ते समोरच्या उस्तादला कळलं, उस्ताद मामाचा दोस्त, मामाला आधीच ठाऊक, आणि ठाऊक असून मामा रोज ओढ्यात दत्तूकाकांना दिवा दाखवत होता. त्यांच्या डोक्यात सगळं जुळलं. त्यांनी हात धुतला आणि मामाला हाक मारली. मामा मोटार पुसत होता, तसाच फडकं घेऊन आला.

आबांनी त्याला निरोप सांगितलाच नाही. सांगितला असता तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण आपल्याला काय कळलंय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, ही त्यांची रीत. ते एवढंच म्हणाले, "जमिनीचं तुला काय काय ठावं हाय, व्यंकट?"

"कुठल्या जमिनीचं, दाजी?"

"कुठल्या म्हणं. दत्तूनं काय कबूल केलंय तुला? वाटा देतो म्हणला का?"

मामाला समजायला वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले. "म्हणजे ते दिवे," तो म्हणाला. "तुमाला वाटायलंय ते दिवे मी..." आणि तो थांबला. आबांकडं बघायचं सोडून तो मायकडं वळला. माय चुलीपुढं होती, तव्यावर भाकरी होती. "आक्का?" तो म्हणाला. मायनं मान वर केली नाही. भाकरी फुगली, तिनं ती काढली, दुसरी थापायला घेतली. मग त्यानं कमरेची मोटारीची चावी काढून उंबऱ्यावर ठेवली, फडकं घडी करून त्यावर ठेवलं आणि छपरीत जाऊन आपली वळकटी बांधली. निघताना आबा म्हणाले, "कुठं जायलास?" तो म्हणाला, "हैदराबादला. तिथं मोटारी लय हायेत." ते वर्ष असं, की हैदराबादला गेलेल्या माणसाची खुशाली कळायची आशा कोणी धरत नव्हतं. आगगाडी सेलूहून संध्याकाळी होती. तो पायीच गेला.

त्या सकाळी घरात भांड्याचाही आवाज होत नव्हता. मी गोठ्यात जाऊन बसले. मला रडू येत होतं आणि रडता रडता तो शब्द माझ्या डोक्यात टोचत होता. आमच्या घरात जमीन जाते, जमीन बुडते, जमीन लिलावात निघते, सावकाराच्या घशात पडते. जमिनीला काय काय होतं ते मी जन्मापासून ऐकत आले होते. पण जमीन सुटते हे मी ऐकलं नव्हतं. सुटतं ते दावं, सुटते ती गाय, नाहीतर एखाद्याचं पोट. आणि जमीन हरली तर उजेड का पडत नाही? मला पहिल्यांदाच मामाचा सोडून दुसऱ्या कोणाचा संशय आला. सटवा कडबा तोडत होता.

"सटवा, उस्ताद काय म्हणाला ते सांग," मी म्हटलं.

"सांगितलं की, ताईसाब."

"तसं नगं. तो मराठी बोलतो का? त्याच्या तोंडचं सांग. जसंच्या तसं."

सटव्यानं विळा खाली ठेवला. त्याला ते आवडलं नव्हतं. "आता त्याचं तोंड म्हणजे," तो म्हणाला, "म्हणला, व्यंकटकू बोल, गाडी की जमीन छुट गई. इसवास्ते बत्ती गिरती. बॅटरी के बाजू देख, कसके बांध. उनो समझते, म्हणजे व्यंकटराव. असं काय काय वरडत व्हता."

"गाडी की जमीन म्हणाला? मग तू गाडी का न्हाई सांगितलंस?"

"ताईसाब, गाडीला कुठं जमीन असती व्हय?" सटवा मला समजावल्यासारखं म्हणाला. "बहिरं माणूस, चुकून बोललं आसंल. मालकाच्या पुढं येड्यावानी कसं सांगावं? म्हणून मी नीट करून सांगितलं."

मी तशीच मायकडं पळाले. तिला सगळं सांगितलं, धापा टाकत, उलटसुलट. मायनं एका वाक्यावर मला थांबवलं. "कसके बांध म्हणला? जमीन कोण बांधतं?" आणि ती उठली. आबा वरच्या माळवदावर जाऊन बसले होते. आम्ही दोघी मोटारीच्या छपरीत गेलो. माय त्याआधी मोटारीत दोनदाच बसली असेल, तीही देवाला जायला. मामा बॅटरीत पाणी घालायचा तेव्हा पायाखालची फळी उचलताना मी बघितलं होतं. आम्ही फळी उचलली. खाली काळी पेटी, तिच्यातून एक जाड दोरी दिव्यांकडं गेलेली, आणि दुसरीकडून तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी निघून मोटारीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टनं आवळलेली. म्हणजे आवळलेली असायला हवी होती. मी बोट लावलं तर ती हिरडीतल्या ढिल्या दातासारखी हलली. तिच्या तोंडावर हिरवा-पांढरा बुरा चढला होता.

आजचे मिस्त्री त्याला अर्थ, अर्थिंग म्हणतात. इंग्रजीत तोच शब्द जमिनीलाही आहे, आणि उस्तादनं कोणा साहेबाच्या हाताखाली काम शिकताना त्याची सरळ जमीन करून टाकली होती. बॅटरीचं एक टोक दिव्याला, दुसरं मोटारीच्या अंगाला. ते दुसरं सुटलं की बॅटरी असून नसल्यासारखी. मोटार जोरात असली तर डायनामोच्या जिवावर दिवे लागायचे, ओढ्यात हळू झाली आणि हादरली की लाल पडायचे. हे सगळं मला पुढं मामानंच समजावलं. त्या वेळी आम्हाला एवढंच कळलं की तांबं कळकलंय आणि ढिलं झालंय. आणि कळकलेल्या तांब्याचं काय करायचं हे मायला सांगावं लागत नव्हतं. ती आत गेली, चिंचेचा कोळ आणि राख घेऊन आली, आणि घंगाळ घासावं तशी ती पट्टी घासायला लागली. ओठ घट्ट मिटून घासत होती. मध्येच म्हणाली, "माझ्या पदरात वाढला गं तो," आणि पुन्हा घासायला लागली. कोरड्या फडक्यानं पुसून आम्ही पट्टी जागेवर बसवली. मामाचा पाना दोघींनी धरून बोल्ट आवळला. एक ठिणगी उडाली तशी माय मागं सरकली, पण पाना सोडला नाही. मग मी बत्तीचा खटका दाबला, त्याला चावी लागत नसे. छपरीत भर दुपारीही काळोख असायचा. समोरच्या कुडाच्या भिंतीवर दोन पिवळेधमक गोल उमटले. मी पायरीवर उभी राहून उड्या मारल्या, मोटार हलवली, वरखाली केली. दिवे जराही हलले नाहीत.

तेवढ्यात आबा दारात आले. उजेड त्यांच्या धोतरावर पडला होता. मायनं पहिल्यांदा त्यांच्यासमोर सगळं सांगितलं, न थांबता, पट्टीपासून सटव्यापर्यंत. ते आत आले, वाकले, पट्टीला स्वतः बोट लावून बघितलं. आणि मग, खोटं वाटेल तुम्हाला, ते म्हणाले, "हे तुमी दोघींनी जुळवून आणलं नसंल कशावरून?"

माय त्यांच्याकडं बघत राहिली. मी तिला तसं बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "कशावरूनच न्हाई," ती म्हणाली. "तुमाला कशावरूनच कळणार न्हाई. म्या इतकी सालं ह्या घरात भाकरी केली, तुमी वास घेऊन खाल्ली. मला काय वाटायचं ते कधी बोलले न्हाई. आज बोलते. त्याला हाकलला तसं मला बी हाकला, न्हाईतर बैल जुपायला सांगा."

आबा काही वेळ त्या दोन उजेडाच्या गोलांकडं बघत होते. मोटार समोर उभी, दिवे लख्ख, चावी त्यांच्या खिशात, आणि घरात ती चालवणारं कोणी नाही. ते बाहेर गेले आणि त्यांनी स्वतः बैल जुपले. सटव्याला म्हणाले, "दामटव. पण बैलं मारू नको." मायला म्हणाले, "मी येत न्हाई. मला बघितलं तर यायचा न्हाई तो."

सेलूपर्यंत मायनं एकदाही पदर सारखा केला नाही. रस्त्यानं कापसाच्या गाड्या, गाठोडी घेतलेली माणसं. सटवा पुढं बसून बैलांना बोलत होता आणि अधूनमधून मागं वळून म्हणायचा, "मी आपलं नीट करून सांगितलं, बाई," आणि कोणी उत्तर दिलं नाही की पुन्हा पुढं बघायचा. स्टेशनावर गर्दी होती. ऊन कललं होतं. मामा अगदी टोकाला, एका लिंबाखाली, आपल्या वळकटीवर बसला होता. आम्हाला बघून तो उठला नाही. मायनं त्याला सांगितलं, उस्तादचा निरोप, जमीन, पट्टी, चिंच. त्यानं ऐकून घेतलं. "पट्टी व्हय," तो म्हणाला. "मला सुचायला पाहिजे व्हतं." एवढंच. त्याच्या तोंडावर काही आनंद दिसला नाही.

लांबून गाडीचा धूर दिसायला लागला. लोक गाठोडी उचलून उभे राहिले. मामाही उभा राहिला आणि त्यानं वळकटी काखेत घेतली.

"आक्का, एक विचारू?" तो म्हणाला. "दाजीचं सोड. तुला बी वाटलं व्हतं का? दत्तूभाऊला मी इशारे करायलोय म्हणून?"

मी मायच्या शेजारी उभी होते आणि मनात म्हणत होते, नाही म्हण. तिनं नुसतं नाही म्हटलं असतं तर भागलं असतं. तिला खोटं बोलायला येत नव्हतं असं नाही. आबांपुढं ती कितीदा बोलली होती, आमच्यासाठी.

"वाटलं," माय म्हणाली. "रोज वाटायचं. तुला वाढताना वाटायचं, अन् वाटलं म्हणून जास्तीचं वाढायची. आज सकाळी तू हाक मारलीस तव्हा बी वाटलं. म्हणून वर बघितलं न्हाई."

गाडी आली. दारं उघडली, माणसं आत घुसली, कोणाचं तरी लेकरू रडायला लागलं, शिट्टी झाली. मामा जागचा हलला नाही, आणि मायनं त्याचा हात धरला नाही. डबे एकामागून एक आमच्यासमोरून निघून गेले. फलाट मोकळा झाला तरी तो तसाच रुळांकडं तोंड करून उभा होता.

"न्हाई म्हणली असतीस," तो म्हणाला, "तर गेलो असतो."

मग त्यानं वळकटी सटव्याच्या खांद्यावर दिली. माय तेव्हा रडली, फलाटावर खाली बसून, लहान पोरीसारखी मोठ्यानं, आणि मामा तिच्यापाशी उकिडवा बसून राहिला, तिचं रडणं होईपर्यंत.